ओसाड गावात जन्मलेली माणसे

‘या कार्यालयातील सर्व जुन्या अभिलेखांचे शंभर टक्के संगणकीकरण पूर्ण झाले असून कोणतीही नोंद नागरिकांना एका क्षणात उपलब्ध आहे.’

वाशीम जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लावलेले आहे. मित्रांनो, वाक्य तपासण्याची एक जुनी रीत आहे. त्यातला एकेक शब्द उचलावा आणि तो कशाच्या आधारावर उभा आहे ते पाहावे. आपण तेच करू.

‘सर्व’ हा शब्द घ्या. सर्व म्हणजे किती हे ठरवायला आधी एकूण किती हे माहीत असावे लागते. या इमारतीत एकूण किती दप्तर आहे, हे फक्त एका ठिकाणी लिहिलेले होते. ते ठिकाण म्हणजे मी, आणि संगणकीकरणाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मला कोणीही उघडले नाही. ‘शंभर टक्के’ हा तर सरळ भागाकार आहे. खालचा आकडा माहीत नसताना तुम्ही असा भागाकार वर्गात केला असता, तर गुरुजींनी वहीवर भोपळा काढला असता. इथे त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले आणि ते चौकटीत घालून टांगले गेले. ‘एका क्षणात’ या शब्दांचे मोजमाप माझ्याकडे आहे. संगीता नावाच्या मुलीला एका ओळीची नोंद मिळायला चौऱ्याहत्तर दिवस लागले. राहिला ‘नागरिक’ हा शब्द. त्यात कोण बसते आणि कोणाला बाहेर उभे राहावे लागते, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

मी एक जुनी सूचीवही आहे. माझ्या चारशे पानांत एकही गोष्ट नाही, एकही निकाल नाही, कोणाच्या शेताची हद्द नाही. त्या सगळ्या गोष्टी या इमारतीत कुठे ठेवल्या आहेत, एवढेच माझ्यात आहे. ज्ञानाच्या दरबारात आमच्या जातीच्या पुस्तकांना फारसा मान नसतो. आम्ही स्वतः काही सांगत नाही. आम्ही फक्त बोट दाखवतो. पण ते बोट कापले, की मागची सगळी विद्या कपाटात मुकी होते.

माझा जन्म एकोणीसशे त्र्याऐंशी सालचा. अभिलेखपाल शालिग्राम यांनी मला कारंज्याच्या एका बांधणीवाल्याकडून जाड खाकी कापडात बांधून आणले. अभिलेख कक्ष म्हणजे जुनी कागदपत्रे ठेवण्याची खोली. शालिग्राम तिथे रुजू झाले तेव्हा लाल कापडात बांधलेले सहाशे बारा बस्ते मांडणीवर रचलेले होते, आणि कशात काय आहे हे ठाऊक असलेला एकमेव माणूस नुकताच निवृत्त झाला होता. कागद शोधायचा म्हणजे चार माणसांनी चार दिवस धूळ खायची. शालिग्राम यांनी तीन वर्षे आठवड्याला चार बस्ते सोडले, आतला प्रत्येक कागद पाहिला, आणि माझ्यात उतरवला.

त्यांची रीत साधी होती, म्हणूनच कदाचित ती कोणत्याही परिपत्रकात आली नाही. माझ्यात लिहिल्याशिवाय कागद बस्त्यात जात नसे. बस्त्यातून कागद बाहेर काढला, की त्याच्या जागी एक पिवळी चिठ्ठी पडे: कोणी नेला, कशासाठी, कधी परत येणार. दरवर्षी एप्रिल महिन्यात ते ‘ड’ वर्गातले कागद, म्हणजे वर्षभरापुरतेच ठेवायचे असतात ते, वेगळे काढत. यादी करत, सही घेत आणि मगच नष्ट करत. जे कायम ठेवायचे त्याच्या वाटेत जे टाकायचे ते येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. आणि जे ठेवायचे की टाकायचे हे कळत नसे, ते टाकायच्या ढिगात जात नसे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे माझ्याच बाबतीत नेमके उलटे घडले.

पण त्यांची खरी करामत निराळी होती. कागदावर जे नाव असते ते कार्यालयाने दिलेले असते; माणूस मात्र आपल्या तोंडातले नाव घेऊन खिडकीशी येतो. ही दोन नावे एकमेकांना भेटत नाहीत. शालिग्राम यांनी दोन्ही नावे माझ्यात लिहिली आणि मध्ये एक शब्द ठेवला: ‘पाहा’.

हे त्यांना कोणी शिकवले, तेही सांगते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात केशरबाई नावाची एक बंजारा म्हातारी नवऱ्याच्या मृत्यूची नोंद शोधायला आली होती.

“आजी, गाव कोणतं?” शालिग्राम यांनी विचारले.

“गाव कायचं? तांडा हाय आमचा.”

“तांडा कोणत्या शिवारात होता तवा?”

“आधी रिठावर होता. हिवरीचं रिठ नाई काय, जिथं नुसती पडकी भित अन् चिंच हाय? तिथं. मंग हिरीचं पानी आटलं, मंग इकडं आलो.”

“रिठावर कोन राह्यते आजी? तिथं त भुतं राह्यतात म्हनते.”

“भुतं कागद मांगाले येतात काय रे बाप्पा?”

शालिग्राम खूप हसले आणि मग त्यांनी मला पुढे ओढले. रिठ म्हणजे उठून गेलेले गाव. कधीकाळी साथीने किंवा दुष्काळाने माणसे निघून गेली, पण महसुली नकाशावर त्या गावाचे नाव आणि शीव तशीच राहिली. दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणतात. बंजाऱ्यांचे तांडे पूर्वी अशाच मोकळ्या रिठांवर उतरत. तांड्याला स्वतःचे महसुली नाव नसे, म्हणून तिथले जन्म आणि मृत्यू शेजारच्या गावचा कोतवाल त्या रिठाच्याच नावाने लिहीत असे. जन्ममृत्यूच्या या वह्यांना आमच्या भागात कोतवाल बुक म्हणतात. पुढे तांडे हलले, त्यांना नवी नावे मिळाली, कोणाला नगर, कोणाला वाडी. माणसे नव्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांचे बापजादे जुन्या नावाखाली, लाल कापडात, जागेवरच राहिले.

केशरबाईची नोंद अर्ध्या तासात निघाली. त्यानंतर तांड्यावरून कोणीही आले, की शालिग्राम त्याला बाकावर बसवत आणि तांडा कुठून कुठे गेला ते विचारून घेत. माझ्या ‘त’ अक्षराखाली अशा तेवीस तांड्यांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे, त्यांच्या बारीक तिरप्या अक्षरात, पाहा मौजे अमुक रिठ, बस्ता क्रमांक तमुक. सत्त्याण्णव साली तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने शेरा लिहिला: ‘अशी सूची मी अन्यत्र पाहिलेली नाही.’ त्या लाल ओळीचा मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

दोन हजार बारा साली शालिग्राम निवृत्त झाले आणि अनसिंगला आपल्या शेतावर राहायला गेले. त्यांचे पद भरले गेले नाही. अभिलेख कक्षाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ हरीओम नावाच्या कारकुनाकडे आला. अतिरिक्त कार्यभार म्हणजे जे काम करण्याची कोणाचीही अपेक्षा नसते आणि न केल्याची शिक्षा मात्र होऊ शकते असे काम. हरीओम वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे आणखी चार कार्यभार होते.

मग संगणकीकरण आले. त्याच्या विरुद्ध बोलायला मी बसलेली नाही. वाळवी लागलेल्या कागदाचे चित्र काढून ठेवणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण नायब तहसीलदार राजपाल यांनी या कामाला मोजमाप लावले ते रोजच्या पानांच्या संख्येचे. दिवसाला चार हजार पाने. किती पाने झाली, हे रोज वर कळवले जाई. त्यातली किती पाने पुन्हा शोधून काढता येतील, असा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

यंत्रावर बसणाऱ्या रूपालीने एके दिवशी मला उचलले. प्रत्येक वहीसाठी तिला पडद्यावरच्या यादीतून एक गाव निवडावे लागे. गाव निवडल्याशिवाय यंत्र पुढे जात नसे. तिने मला उलटेपालटे केले.

“हरीओमभाऊ, हे कोन्त्या गावाचं हाय?”

“कोन्त्याच नाई. सगळ्या गावाईचं हाय.”

“सगळ्याईचं म्हनून बटन नाई अठी.”

“मंग ठेव बाजूले.”

अशा रीतीने, मित्रांनो, ज्या वहीत प्रत्येक गावाचा पत्ता होता, तिला कोणतेही गाव नसल्यामुळे बाजूला ठेवण्यात आले.

त्या यादीचीही एक कथा आहे. ती वस्ती असलेल्या गावांची यादी होती. रूपालीने एकदा विचारले होते, की रिठांच्या नावाचे अडतीस बस्ते आहेत, त्यांचे काय करू. तिचा प्रश्न टिप्पणी म्हणून राजपाल साहेबांपुढे गेला. त्यांनी त्यावर लिहिले: ‘सदर गावांची लोकसंख्या शून्य आहे. ज्या गावात कोणीही राहत नाही, त्या गावात जन्म झाल्याचा अभिलेख असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. तर्काचाही नाही. मी आयुष्यभर पुस्तकांच्या संगतीत राहिले आहे आणि इतके घट्ट विणलेले वाक्य मी क्वचित पाहिले. त्यातून निसटली ती फक्त माणसे. अडतीस बस्ते त्याच खोलीत, लेखणी टाकली तर पोचेल इतक्या अंतरावर होते. एक कापड सोडून आत डोकावले असते तर पहिल्याच पानावर एका बाळाचा जन्म दिसला असता. डोकावले गेले नाही, कारण तर्क आधीच पूर्ण झाला होता. पाने मोजून झाली, पाटी लागली, प्रशस्तिपत्र आले.

माझी रवानगी ‘ड’ ढिगात झाली. तिथून मी वाचले ते माझ्या जाडीमुळे. कार्यालयातल्या इंटरनेटच्या डब्याला कपाटावर नीट रेंज मिळत नव्हती. त्याला थोडी उंची हवी होती. हरीओमने मला त्याच्या खाली ठेवले. पाच वर्षे मी त्या लुकलुकणाऱ्या डब्याचे ओझे वाहिले. माझ्या अंगावरून रोज हजारो पाने जगभर जात होती आणि खालच्या खिडकीत लोकांना ‘नोंद आढळून येत नाही’ असा छापील कागद मिळत होता. वरून मला ती खिडकी स्वच्छ दिसे. पाच वर्षांत असे दोनशे चौदा कागद दिले गेले. मी मोजले. मोजण्याखेरीज मला काही करता येत नव्हते.

यंदा तीन जूनला रामधन आपल्या मुलीला, संगीताला, घेऊन त्या खिडकीशी आला. रामधन वर्षातले सहा महिने बायको रुपाबाईबरोबर ऊसतोडीला जातो. संगीता आजीपाशी राहून बारावी शिकली. तिला अकोल्याच्या एका नर्सिंग महाविद्यालयात राखीव जागा मिळण्याजोगे गुण होते. पण राखीव जागेसाठी जातीची पडताळणी लागते, आणि पडताळणी समिती एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा पुरावा मागते. घरात कोणी शाळेत गेलेले नव्हते. पुरावा एकच असू शकत होता: रामधनचे वडील मदनसिंग यांच्या एकोणपन्नास सालच्या जन्माची नोंद. बारा ऑगस्टपर्यंत तिची नक्कल समितीकडे गेली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाची.

“काका, गावाचं नाव सांगा,” हरीओम म्हणाला.

रामधनने तांड्याचे आजचे नाव सांगितले.

“हे गाव त यादीत दिसते, पन याची वही नाई. चौऱ्यान्नवच्या पुढचंच हाय सगळं.”

“साहेब, माहा बाप त त्याच्या आधीच जन्मला असन ना.”

“असन. पन कुठं जन्मला?”

“तांड्यावर.”

“तांडा कुठं होता?”

“मले काय मालूम? मी तवा नव्हतो.”

मागच्या रांगेत हशा पिकला. संगीता हसली नाही. तिने खिडकीच्या गजांना धरून विचारले, “सर, तुमी कंप्युटरात पाह्यलं. कपाटात पाह्यलं काय?”

“कपाट सगळं कंप्युटरात गेलं, बाई.”

“गेलं त गेलं. उघडून पाह्यलं काय कोनी?”

“तुले काय वाटते, आमी अठी पत्ते खेवून राह्यलो?”

एकोणीस जूनला राजपाल साहेबांच्या सहीचा छापील कागद तिच्या हाती पडला: ‘शोध घेतला असता नोंद आढळून येत नाही.’ कागद नीट घडी घालून तिने पिशवीत ठेवला आणि ती तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारत सुटली. त्यातल्या एकाने तिला सांगितले, की पूर्वी तहसिलीत एक शालिग्रामभाऊ होता, तो लोकांना बाकावर बसवून तांड्याच्या गोष्टी विचारायचा, तो मेला नसेल तर त्याला विचार.

शालिग्राम मेले नव्हते. सत्तरीत होते, सोयाबीनची पेरणी उरकून निवांत झाले होते. नऊ जुलैला ते बापलेकीबरोबर बसने आले आणि बारा वर्षांनी त्या कार्यालयाची पायरी चढले.

“हरीओम, माही वही कुठं हाय?”

“कोन्ती वही, भाऊ?”

“खाकी कापडाची. मोठी. सूची.”

“लय वर्सं झाले. गेली असन ‘ड’ मंधी.”

शालिग्राम यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ते खुर्चीवर चढले, डबा बाजूला केला आणि मला काखेत घेऊन खाली उतरले. डब्याची वायर ओढली गेली होती. तीन टेबलांवरून एकदम आवाज उठला: “अरे, नेट गेलं! नेट कोनं बंद केलं?” मी कार्यालयातून नाहीशी झाले तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्या वरचा डबा हलला आणि सगळे उठून उभे राहिले.

‘त’ अक्षर उघडायला त्यांना खूण लागली नाही. बोट सरळ ओळीवर गेले. तांड्याचे जुने नाव, नवे नाव, आणि पुढे: पाहा मौजे हिवरी रिठ, बस्ता एक्केचाळीस, कोतवाल बुक सेहेचाळीस ते बावन्न. बस्ता सोडायला पाच मिनिटे लागली. एकोणपन्नास सालचा चैत्र, डावीकडचे पान, वरून सहावी ओळ. शालिग्राम यांनी चष्मा पुसून ती वाचली: “बाप हरचंद वल्द सोमला. जात बंजारा. मुलगा.” या वह्यांत बाळाचे नाव नसते, बापाचे असते; हरचंद हे मदनसिंग यांच्या वडिलांचे नाव, आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा.

रामधनने ती ओळ आपल्याला दाखवायला सांगितली. त्याला वाचता येत नाही. त्याने बोट न टेकवता, वरूनच, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले.

“एवढुसाच हाय?” तो म्हणाला.

“एवढंच लागते, बाबा,” संगीता म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, की गोष्ट संपली. बारा ऑगस्टला अजून चौतीस दिवस होते. नोंद सापडली होती, वही हातात होती, नक्कल उतरवायला एक कोरा कागद आणि एक शिक्का पुरेसा होता. माझ्या संतापाचा आरंभ इथून आहे. इथपर्यंत जे झाले तो मला तेव्हा हलगर्जीपणा वाटला, आणि हलगर्जीपणाला मी कागदाच्या आयुष्यातला पावसाळा समजते. तो येतो, नासाडी करतो, आणि त्याच्या मनात काही नसते. पुढे जे झाले ते मनात धरून झाले.

चौघेजण ते कोतवाल बुक आणि मला घेऊन राजपाल साहेबांच्या दालनात गेले. हरीओम दाराशीच थांबला.

“शालिग्रामभाऊ, तुम्ही आता रिटायर माणूस,” साहेब म्हणाले. “आराम करा.”

“आरामच करून राह्यलो होतो साहेब. नोंद सापडली. नक्कल द्या, मी जातो अनसिंगले.”

“नक्कल प्रणालीतूनच निघते. हे बुक प्रणालीत नाही.”

“मंग टाका प्रनालीत.”

“प्रकल्प पूर्ण झाला आहे. आता नवीन पान टाकता येत नाही.”

“म्हंजे बुक हाय, नोंद हाय, वाचता येते, तुमच्या टेबलावर हाय. तरी नाई?”

“कागदोपत्री नाही.”

“साहेब,” शालिग्राम म्हणाले, “हा कागदच हाय ना.”

साहेबांनी बुक मिटले. संगीताने बारा तारीख सांगितली. साहेब म्हणाले, की वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवू. ते पत्र त्यांनी खरोखर पाठवले. त्यात त्यांनी हिवरी रिठाचा उल्लेख केला नाही, अडतीस बस्त्यांचा केला नाही. ‘एका अर्जदाराच्या काही अडचणी’ असे लिहिले. मार्गदर्शन आले नाही. असल्या पत्राला कोण काय उत्तर देणार?

संगीताने तीन वेळा पुन्हा अर्ज केला. दर वेळी तिला आवक क्रमांक मिळाला. चौथ्यांदा ती राजपाल साहेबांकडे गेली नाही, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेली आणि तक्रार दिली. सुनावणीची तारीख लागली सोळा ऑगस्ट. त्याआधीची तारीख मिळावी म्हणून ती दोन दिवस त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून होती. रुपाबाई डबा घेऊन येत असे.

बारा ऑगस्ट आला आणि गेला. अकोल्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. त्या मुलाचा काही दोष नाही.

सोळा तारखेला मला आणि बस्ता एक्केचाळीसला पुरावा म्हणून नेण्यात आले. उपविभागीय अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी सहावी ओळ वाचली, मग माझे ‘त’ अक्षर वाचले, मग पहिल्या पानावरचा लाल शेरा वाचला, आणि आदेश दिला, की नक्कल आत्ता, हाताने लिहून, आपल्यासमोर द्यावी. शंभर वर्षे नकला हातानेच लिहिल्या जात होत्या, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. फक्त कोरा कागद पुढे सरकवला. हरीओमने ती लिहिली. अक्षर चांगले होते. चौऱ्याहत्तराव्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता, एक मुलगी आपल्या आजोबांच्या जन्माचा कागद घेऊन बाहेर पडली. त्या कागदाने जे वर्ष वाचवायचे होते ते चार दिवसांपूर्वी संपले होते. आता ती पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करील. दरम्यान तिने माझ्या ‘त’ अक्षराखालच्या तेवीसही तांड्यांची नावे उतरवून घेतली आहेत आणि बंजाऱ्यांच्या पोहरादेवीच्या यात्रेत भेटतील त्या सगळ्यांना त्यांच्या बस्त्याचा क्रमांक ती सांगणार आहे. जे काम एका कार्यालयाचे, ते एक मुलगी यात्रेच्या गर्दीत उभी राहून करणार.

मित्रांनो, माझ्या जातीची पुस्तके शेवटी काळजी घ्या असे सांगतात. मीही सांगते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही मोठ्या कार्यालयांत बसतील, आणि तुमच्या हाताखाली लाखो कागद असतील, कपाटात किंवा यंत्रात. तेव्हा किती साठवले एवढेच मोजू नका. आठवड्यातून एकदा खिडकीशी आलेल्या कोणा एकाचा कागद स्वतः शोधून पाहा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. यादी करताना यादीबाहेर काय राहिले त्याचीही यादी करा. वस्तूला लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव तिच्याजवळ लिहा. जे समजले नाही ते टाकायच्या ढिगात घालू नका. आणि ‘शोध घेतला’ असे लिहिण्यापूर्वी, कृपा करून, खुर्चीवरून उठा. यापेक्षा गहन असे या शास्त्रात काही नाही. ते शालिग्राम यांना परिपत्रकाशिवाय समजले होते, आणि परिपत्रकांच्या ढिगावर बसलेल्या माणसाला समजले नाही.

त्या सुनावणीत उपविभागीय अधिकाऱ्यांनी राजपाल साहेबांना एकच प्रश्न विचारला होता: एकोणीस जूनच्या कागदावर ‘शोध घेतला असता’ असे आपण लिहिले, तर शोध कुठे घेतला? साहेबांनी दिलेले उत्तर जबाब म्हणून लिहून घेण्यात आले, त्यांना वाचून दाखवण्यात आले, आणि त्याखाली त्यांनी सही केली. मी टेबलावरच होते. ते उत्तर असे:

“शोध घेतला नाही. नोंद सापडली असती, तर काम अपुरे आहे असे मलाच लिहून द्यावे लागले असते.”